लाइनीची वही

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मामा त्याला कान लावायचे.

आल्या आल्या खुर्चीवर बसणं नाही. टोपी काढून हातात घ्यायची, टेबलाखाली वाकायचं, डावा कान कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवायचा आणि डोळे मिटायचे. आत पंखा घरघरत असायचा, डिस्क फिरत असायची. अर्धं मिनिट ऐकून झालं की मान वर करून सांगायचे, "चालू हाय लाईन." मग खुर्ची. तेवढा वेळ मलाही हलायची सोय नव्हती. साडी सळसळली तरी त्यांच्या ऐकण्यात म्हणे फरक पडायचा.

तुमच्याही वसाहतीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं आणि ज्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. आमच्याकडे तो मान मामांचा. ते पाण्याचे लाईनमन. दुष्काळाची वर्षं होती. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललं होतं आणि नळाचं पाणी दिवसाआडवरून चौथ्या दिवसावर, तिथून आठवड्यावर गेलं होतं. खांद्यावर टी आकाराची लांबलचक लोखंडी चावी घेऊन मामा कोपऱ्यावर दिसले की बायका हातातलं पीठ तसंच ठेवून हंडे काढायच्या. मामा मात्र शांत. रस्त्यातला ढापा उचलायचा, चावी खाली व्हॉल्व्हला लावायची, चावीच्या वरच्या टोकाला कान टेकवायचा आणि मग फिरवायला घ्यायचं. कुणी घाई केली की मान न उचलता म्हणायचे, "हळू उघडायचं, हळू मिटायचं. पान्याला ब्रेक नसतोय, ताई." झटक्यात बंद केलं तर पाणी आतल्या आत धडक मारतं आणि पाईप फुटतो, हे आम्हा सगळ्यांना त्यांच्यामुळेच कळलेलं.

ते निवृत्त झाले त्या वर्षी एका दुपारी माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडं लाइनीचं यंत्र हाये म्हने?"

"कसलं यंत्र?"

"लाईनक्स."

मी शाळेत गणित शिकवते. घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हणून मी नुकतंच त्यावर लिनक्स टाकलं होतं आणि त्याची बढाई शेजारीपाजारी मारून झाली होती. ती उडत उडत मामांपर्यंत गेली होती. ज्या माणसाचं सगळं आयुष्य लाईन आली, लाईन गेली, लाईन फुटली यात गेलं, त्यानं लिनक्सचं लाईनक्स करून घेतलं तर दोष कुणाचा? मी मात्र मास्तरकीच्या सवयीनं त्यांना दुरुस्त करायला बसले. हा नुसता कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम आहे, फुकट मिळतो, जुन्या यंत्रावर चालतो, पाण्याच्या लाइनीशी याचा काही संबंध नाही.

मामांचा चेहरा पडला. तेवढ्यात पडद्यावरच्या चित्राकडे त्यांचं लक्ष गेलं.

"ह्ये बदक कामून हाये?"

"बदक नाही मामा, पेंग्विन. पाण्यातला पक्षी असतो."

"मंग!" मामा खूश. "पान्यातलंच हाये की. कशाला फिरवाफिरवी करता?"

त्यांना लाइनीची वही लिहायची होती. जुन्या शहरातल्या पाइपांना कुठे कुठे व्हॉल्व्ह आहेत, कुठला उलटा फिरतो, कुठला अर्धाच उघडायचा, हे त्यांना पाठ होतं. नव्या माणसांना अडलं की ती मामांच्या दारी यायची, मामा पायात चप्पल घालून निघायचे. "माझ्या डोस्क्यात हाये सगळं," ते म्हणाले, "आन् डोस्क्याच्या भाईर कुठंच नाय. कागदावर चारदा लिवलं. पान्याच्या कामात कागद टिकतो व्हय?" एवढी घाई का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. शिकायला कुणीतरी आलंय याच आनंदात मी होते. खरं तर लिनक्समध्ये मी स्वतः सहा महिन्यांचीच जुनी. पण शिकवायची खोड असलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

गंगापूरला दिलेल्या लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर मामांकडे आणून टाकला होता. एका रविवारी मी तिथे जाऊन लिनक्स बसवायला घेतलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मामींचे दोन चहा झाले. मी कंटाळून गेले. मामा मात्र हलले नाहीत. "टाकी भरंस्तवर टाकीपाशी बसावंच लागतं, बाई."

पहिलं भांडण झालं ते पासवर्डावरून. काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप केला तर लिनक्स काहीच दाखवत नाही, अक्षर नाही की चांदणी नाही. कीबोर्ड बिघडला म्हणून मी स्वतः पहिल्या दिवशी तो उपटून झटकला होता. मामांचंही तेच होणार म्हणून मी मजा बघायला सरसावून बसले. त्यांनी एका बोटानं सावकाश अक्षरं दाबली, पडदा कोराच राहिला, आणि त्यांनी निवांतपणे एंटर मारलं.

"दिसत नव्हतं तरी कसं कळलं?"

"पाइपात पानी दिसतं का? दाबलं म्हंजी गेलं."

मग भांडण कसलं, म्हणाल. भांडण असं की पुढे महिनाभर ते मला "उपटून झटकणाऱ्या बाई" म्हणत होते. माझी फजिती मीच त्यांना सांगितली होती, ही माझी चूक.

वीज गेली की मला फोन यायचा. "बाई, झटक्यात बंद झालं. आत कुठं फुटलं नसंल ना?" चालू करायचं ते हळू, बंद करायचं ते नीट आज्ञा देऊन, हा नियम मला त्यांना शिकवावाच लागला नाही. पण त्यांचा खरा जीव जडला तो पाइपावर. लिनक्समध्ये दोन आज्ञांच्या मधे एक उभी रेघ मारली की पहिलीतून निघालेलं दुसरीत जातं, आणि त्या रेघेला पाइपच म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा मामा माझ्याकडे बघतच राहिले. "आन् तुमी म्हनत व्हता, पान्याशी संबंध नाय!" त्या दिवशी मी हरले ते कायमचीच. त्यानंतर मीसुद्धा लाईनक्स म्हणायला लागले.

वही वाढत गेली. मराठी टायपिंग ते एका बोटानं करत, पण रोज. नोंद अशी असायची: गुलमंडीच्या मागची गल्ली, उतरताना डाव्या हाताला, चिंचेपासून अकरा पावलं. चावी उलटी फिरते. आवाज, दळणासारखा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी आवाज असायचाच. कुठला व्हॉल्व्ह घोरायचा, कुठला कण्हायचा, एकापुढे नुसतं 'मुका' लिहिलेलं. अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह फार बोलतो, असं ते सांगायचे. हा कान त्यांना बापाकडून आलेला. सिल्लोडकडच्या खेड्यात बाप मेंढरं राखायचा आणि अंधारात नुसत्या आवाजावरून कुठलं कोकरू मागं राहिलं ते सांगायचा.

एकदा मी त्यांना शब्द शोधायला शिकवलं. एक शब्द दिला की वहीतल्या तेवढ्याच ओळी समोर येतात. मामांनी 'चिंच' टाकलं. पुढे उभी रेघ मारून ओळी मोजायची आज्ञा दिली. उत्तर आलं, नऊ.

"नऊ चिंचा," मामा म्हणाले. मग बोटांवर मोजत बसले. "उभ्या दोन. बाकी गेल्या रस्त्यात." पत्ता लिहायचा तर खुणेचं झाड लागतं, आणि शहर वाढायला लागलं की आधी तेच जातं. त्या दिवशी त्यांनी पुढं काही लिहिलं नाही.

आता मोठ्या-लहान अक्षरांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी भानगड तिथून झाली. मामांना फाईलला मराठीतच 'वही' असं नाव द्यायचं होतं. मीच म्हटलं, नाव इंग्रजीत ठेवा, पुढे भानगड नको. मग एके दिवशी ते घाबरेघुबरे आले. "बाई, वही कोरी झाली!" मी जाऊन बघितलं. नाव टाकताना त्यांनी पहिलं अक्षर मोठं काढण्याऐवजी लहान काढलं होतं. लिनक्सला मोठ्या व्हीची वही वेगळी आणि लहान व्हीची वेगळी, म्हणून त्यानं मुकाट्यानं दुसरी, कोरी वही उघडून दिली होती.

मामांना हे पटेना. "एकच अक्षर ना? मंग मोठं काय आन् लहान काय? आपल्या बाराखडीत कुनी लहान-मोठं नाय बाई. आपल्यात ते मानसांतच."

मी हसले. पण दोन वह्या झाल्याच आहेत तर असू देत, असं ठरलं. मोठीत जुनं शहर, लहानीत नव्या वसाहती. एवढं सोपं होतं ते.

त्या उन्हाळ्यात मामा कान लावून म्हणायला लागले, "लई शांत चालतंय आता." मला अभिमान वाटायचा. लिनक्स हलकं असतं, यंत्राला त्रास होत नाही, असं मी त्यांना ऐकवायचे. ते नुसती मान हलवायचे. त्यांच्या घरी चहा पिताना मला टेबलाखालून टक... टक असं काहीतरी ऐकू यायचं. कूलरचा पंखा घासत असेल, म्हणून मी चहा पीत राहायचे. कधी मी एक विचारावं आणि मामांनी भलतंच उत्तर द्यावं, असंही व्हायला लागलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा हेका, असं म्हणून मी तेही सोडून दिलं.

"एक नक्कल तुमच्याकडं असू द्या," असा लकडा त्यांनी लावला होता. एका सकाळी मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. नक्कल सुरू केली आणि गल्लीत टँकर आला. हॉर्न, आरडाओरडा, मामी हंडे घेऊन पळाल्या, माझी घागर घरी रिकामी. पडद्यावर प्रश्न आला, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? मागची एखादी नक्कल असेल, असं मनाशी म्हणत मी 'हो' दाबलं आणि पळाले. पाणी मिळालं. दोन घागरी.

पंधरवड्यात मामांचं यंत्र सुरू व्हायचं थांबलं. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं उघडून बघितलं आणि डिस्क गेली म्हणून सांगितलं. बरेच दिवस टकटक करत असेल की, असंही म्हणाला. मी मामांना धीर दिला, नक्कल आहे माझ्याकडे. घरी जाऊन पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच वही होती. लहान.

पेनड्राइव्हची घडण दुसऱ्या पद्धतीची होती. लिनक्सला दोन वाटलेली नावं त्याला एकच वाटली. मोठी वही आधी गेली, तिच्या जागी ठेवायची का म्हणून लहान वहीनं विचारलं, आणि मी हो म्हटलं. नव्या वसाहतींचे नकाशे दहा ठिकाणी मिळतील. जुनं शहर गेलं होतं. मला रडू आलं, आणि ते पश्चात्तापाचं की लाजेचं हे आजही सांगता येणार नाही. वर्गात मी पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून छड्या मारलेल्या आहेत.

मामांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"टकटक करत व्हतं म्हनले ना दुकानदार?"

"हो."

"मी रोज कान लावत व्हतो, बाई. मला बारीक काय बी आयकू येत नाय. दोन सालं झाली." मग मामी ऐकत नाहीत ना हे बघून म्हणाले, "कान गेला म्हंजी लाईनमन गेला. म्हनून तं लिवाया घेतलं. चिंचा गेल्या तरी मला आवाजावरनं घावत व्हतं. आता ते बी नाय."

टकटक मी ऐकली होती. ती काय आहे ते कळणारा माणूस समोर डोळे मिटून बसायचा, आणि मी चहा पीत होते.

त्याच आठवड्यात मी मामांकडे असताना पाणीपुरवठ्याची माणसं आली. गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत दोन पाळ्या पाणी आलं नव्हतं. रस्ता नवा, सिमेंटचा झालेला, व्हॉल्व्ह खाली गडप. पंधरा दिवसांवर पाणी नाही, उन्हाळा तसला. एकच ठिकाण फोडायला मिळेल, दुसऱ्यांदा कुणी फोडू देणार नाही, असं ते सांगत होते. वही असती तर मामांनी नोंद काढून दिली असती. मामांनी माझ्याकडे बघितलं. "चला, बाई."

गल्लीत ते गोंधळले. दुकानं नवी, पाट्या नव्या. बांगड्यांच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसलेले दिसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "चाचा, इमली यहीं थी ना?"

"हौ," चाचा म्हणाले. "मेरे दुकान के सामने. काटे तो दिनभर छाँव को रोये लोगां."

तिथून मामांनी अकरा पावलं मोजली. पण वयानं त्यांची पावलं आखूड झाली होती, हे त्यांचं त्यांनाच कळलं. ते तीन हात पुढे गेले, परत मागे आले. दोन जागा झाल्या. वरून मुख्य लाइनीला पाणी सोडलेलं होतं. मामांनी पहिल्या जागी चावी उभी केली आणि सवयीनं कान लावायला वाकले. मग थांबले. सगळे बघत होते. त्यांनी चावी माझ्याकडे केली.

"लावा कान."

स्टार्चच्या साडीत मी भर रस्त्यात गुडघे टेकले. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी समोरून जात होत्या. त्यांनी मला नमस्कार केला. आधी फक्त रिक्षांचा आवाज आला. "डोळे मिटा," मामा वरून म्हणाले. पहिल्या जागी काही नव्हतं. दुसऱ्या जागी चावी टेकवली. खूप वेळ काही नाही. मग खालून, लांबून, कुणीतरी जातं ओढत असावं असं.

"मामा," मी ओरडले, "दळण!"

"फोडा हितं," मामा म्हणाले. त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

दीड हात खाली ढापा लागला. मामांनी चावी स्वतः धरली आणि फिरवायला पुष्कळ वेळ लावला. वरच्या गच्चीवरून एका बाईनं "आलं, आलं" म्हणून हाक दिली तेव्हा ते चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसून घाम पुसत होते.

मग आम्ही वही पुन्हा लिहायला घेतली. मामांच्या यंत्रात नवी डिस्क घातली, त्यावर लाईनक्स चढवलं, आणि फाईलला नाव दिलं 'वही', मराठीत. रविवारी सकाळी आम्ही दोघं जुन्या शहरात फिरायचो, मी कान लावायचे, ऐकलेलं त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचे. ते कधी मान हलवायचे, कधी म्हणायचे, "परत लावा." घरी जाऊन टाइप तेच करायचे, एका बोटानं. सगळी झाली नाही. शहागंज झालं, गुलमंडी झाली, औरंगपुरा अर्धा झाला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि दिवाळीनंतर एका पहाटे मामा झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मामींनी मला बोलावलं. "तुमचं ते बदक घेऊन जा. मला रातचं त्याच्याकडं बघवत नाय." मी यंत्र घरी आणलं, वही उघडली. खुणा, पावलं, चावीची दिशा, सगळं होतं. शेवटच्या रकान्यात मी सांगितलेला आवाज शोधू लागले. तो कुठेच नव्हता. पहिलीपासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंदीत त्यांनी एकच लिहून ठेवलं होतं: आवाज, बाईंना इचारा.

मी शब्द शोधायची आज्ञा दिली, मधे उभी रेघ मारली, ओळी मोजल्या. एकेचाळीस वेळा. वहीची नक्कल मी पाणीपुरवठ्याच्या माणसांना दिली, तीनदा तपासून.

परवा शाळेतून येऊन मी चहा टाकला होता, तर दार वाजलं. दोन अनोळखी माणसं, एकाच्या खांद्यावर लांब चावी.

"मामांच्या वहीतल्या बाई तुम्हीच का?"

मी गॅस बंद केला आणि चप्पल घातली. औरंगपुऱ्यात त्यांनी ढापा उचलून चावी खाली लावली. मी रस्त्यावर गुडघे टेकले, डोळे मिटले. खाली पाणी होतं. चावी धरलेल्या माणसाचे हात शिवशिवत होते.

"हळू उघडा," मी म्हटलं.